डावं काळीज

मत्स्यालयातल्या सगळ्यात मोठ्या टाकीची काच आतून पुसणं हे तिचं काम होतं. टाकी गोल, दोन मजले उंच. सकाळी दारं उघडायच्या आधी ती पाठीवर हवेचं नळकांडं बांधून उतरायची आणि मऊ पुसणीनं काचेवर धरलेलं शेवाळ काढत वरून खाली, खालून वर अशी सरकत राहायची. सोबतीला एक जोडीदार असायचा, तो तळाची वाळू साफ करायचा. दुपारी माशांना खायला घालायला दोघं पुन्हा उतरायची. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून तर तिला ते काम आवडायचं. "घरात दोन बोलकी माणसं आहेत," ती म्हणायची, "दिवसातून दोनदा तरी माझ्या कानांना सुट्टी नको?"

त्या दोघांपैकी एक तिचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवता बसवता तो त्याच्या घरादाराची चौकशी करायचा. लग्नानंतर लगेचच त्यानं बायकोचं नाव पाणबुडी ठेवलं, आणि तेच सगळीकडे रूढ झालं. दुसरी बोलकी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. ती मत्स्यालयाच्याच तिकीट-खिडकीवर बसायची आणि हे लग्न तिनंच जमवलं होतं. "लोक मुली बघायला जातात," ती सांगायची, "मी दादासाठी पाण्यातून काढून आणली." दुपारी डबा घेऊन ती टाकीसमोरच्या बाकावर बसायची आणि आत तरंगणाऱ्या भावजयीकडे बघत जेवायची. "वन्सं मला पाण्यात पाहतात," असं पाणबुडी पाहुण्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगायची, आणि पाहुणे अवघडले की दोघी खो-खो हसायच्या.

पाण्यात उतरणाऱ्यांची दर वर्षी तपासणी होते. त्या वर्षी सोनोग्राफी करणारा माणूस काम करता करता हलकी शीळ घालत होता, ती मध्येच थांबली. त्यानं हातातला दांडा उजव्या बरगडीखाली पुन्हा फिरवला.

"श्वास धरा," तो म्हणाला.

तिला ते जड गेलं. नळकांडं लावून उतरणाऱ्यानं श्वास कधीच धरायचा नसतो, हा पाण्याचा पहिला नियम. तिनं धरला. छतावर एक पांढरा दिवा होता. त्याच्याकडे बघत ती थांबून राहिली, आणि 'सोडा' म्हणायचं त्या माणसाला भानच राहिलं नाही.

*

सर्जनबाई बारीक चणीच्या, आवाज खालचा. त्यांनी चित्रं बघितली, पोट दाबून बघितलं, आणि लहानपणी कावीळ झाली होती का, विचारलं.

"झाली होती," पाणबुडी म्हणाली. "शाळा बुडाली म्हणून आठवतंय."

"यकृताच्या उजव्या भागात गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कॅन्सरची आहे. काढता येण्यासारखी आहे, पण उजवा भाग जवळजवळ सगळा काढावा लागेल. प्रत्येकाचाच डावा भाग लहान असतो. तुमचा जरा जास्तच लहान आहे. तेवढ्यावर शरीर चालणार नाही. म्हणून आधी डाव्याला वाढवायचं."

"वाढवायचं म्हणजे? टॉनिक वगैरे?" नवऱ्यानं विचारलं.

"रक्त वळवून." बाईंनी टेबलावरचे दोन पेन घेतले, एक जाड, एक बारीक. "यकृताला दोन वाटांनी रक्त मिळतं. ही मोठी शीर. आतड्यांकडून येते, जेवणातलं सगळं घेऊन. आणि ही धमनी, बारीक, हृदयाकडून येणारी. मोठ्या शिरेची उजवी फांदी आम्ही आतून बुजवतो. मग ते सगळं रक्त डावीकडे जातं. यकृताचा स्वभाव असा, की जिकडे हे रक्त जास्त जातं ती बाजू वाढायला लागते. काही आठवडे थांबायचं, डावं पुरेसं झालं की ऑपरेशन."

"वा!" नवरा म्हणाला. दुकानात चौकट बरोबर बसली की तो असाच म्हणायचा.

"आणि गाठ?" पाणबुडीनं विचारलं. "तिचं रक्त बंद होईल ना मग?"

बाईंनी जाड पेन खाली ठेवला, बारीक तसाच हातात ठेवला. "नाही. गाठ या धमनीवर जगते. आणि शीर बंद झाली की कधी कधी ही धमनी रुंदावते, कमी पडलेलं भरून काढायला. मग गाठीलाही जास्त मिळतं. सगळ्यांना होत नाही, पण होतं. ते मी आज सांगून ठेवते. हा धोका घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही."

नवरा चष्मा पुसत होता. शेवटचं बोलणं त्याला ऐकू आलंच नाही, असं त्यानं पुढं कबूल केलं. 'डावं वाढतं' एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

बाहेर बाकावर नणंद थांबली होती. सगळं ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. तिला गप्प बघून दोघांना जास्त भीती वाटली. मग ती म्हणाली, "दादा, काळीज म्हणजे मुळात यकृतच ना रे?"

"मुळात तेच. आपण उगाच छातीवर हात ठेवतो."

"मग बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, वहिनीचं काळीज लहान आहे. आता डॉक्टरांनीच सांगितलं. माझ्या वाढदिवसाला छत्री दिली होती हिनं, ती पण उसवलेली."

पाणबुडी हसली. हसता हसता तिनं नणंदेचा हात धरला, आणि तो हात गार पडला होता.

*

शीर बुजवायचं काम दुसऱ्या डॉक्टरांचं. ते पोटावर भोक पाडून तारेसारखी नळी आत नेत, म्हणून नणंदेनं त्यांना 'तारवाले' करून टाकलं. पाणबुडीला त्यांनी पूर्ण झोपवलं नाही, फक्त गुंगीचं औषध दिलं. खोलीत गारवा होता आणि कुठलं तरी यंत्र एका सुरात गुणगुणत होतं. उजव्या कुशीत काही तरी दाबलं गेलं, दुखलं, मग दुखणं तिचं राहिलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी झालं.

"बघायचंय?" तारवाल्यांनी विचारलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

राखाडी पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्यांनी नळीतून रंग सोडला आणि एक झाड उमललं. बुंधा, फांद्या, फांद्यांच्या फांद्या, इतक्या नाजूक की टाकीतली पंख्यासारखी पोवळी त्यांच्यापुढं राठ वाटावीत. ते झाड तिचं होतं. क्षणभर थरथरलं आणि पुसलं गेलं. डॉक्टर हळूहळू काही तरी भरत होते. पुन्हा रंग सोडला तेव्हा उजवीकडच्या फांद्या आल्याच नाहीत. डावीकडे मात्र बारीकशा डहाळ्यांत रंग असा घुसला, जणू इतकी वर्षं तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"छान आहे हो," ती पुटपुटली. कुणाला म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.

*

मग ते आठवडे आले, ज्यांच्याबद्दल ती पुढं नेहमी म्हणायची, की ते मी जगले का झोपले, सांगता येत नाही. पाण्यात उतरायला बंदी होती. सकाळी नवरा चहा देऊन दुकानात जायचा, ती खिडकीपाशी आडवी व्हायची, आणि उन्हाचा चौकोन फरशीवरून पलंगावर चढेपर्यंत तिचे डोळे मिटायचे. झोप गोड, जड, तळाला नेणारी.

स्वप्नात घर वाढायचं. नेहमी डावीकडूनच. डाव्या भिंतीतलं कपाट उघडलं की कपड्यांमागं एक खोली निघायची, त्या खोलीला आणखी एक दार, पुढं लांब व्हरांडा. सगळीकडे कोवळा उजेड, नुकत्या दिलेल्या रंगाचा वास. तिची गेलेली आई तिथं पडदे लावत असायची. "एवढ्या खोल्या कुणासाठी गं?" ती विचारायची. आई तोंडात टाचण्या धरून हातानंच सांगायची, बघत राहा. उजवीकडचं दार मात्र स्वप्नात कधी उघडलं नाही. त्यामागं कुणी तरी जेवत असल्याचा आवाज यायचा. भांड्याला चमचा लागल्याचा, घोट घेतल्याचा. तो आवाज घाईचा नव्हता. ज्याला पानात भरपूर वाढलं आहे, त्याच्या जेवण्याचा होता.

एका दुपारी जागी झाली तर नणंद उशाशी बसलेली. "काय बडबडत होतीस? 'पुरे आता, पुरे' म्हणत होतीस."

"कुणाला तरी वाढत होते वाटतं."

"कुणाला?"

पाणबुडी उजव्या कुशीवर हात ठेवून छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, मला टाकीवर घेऊन चला."

नणंद तिला मागच्या दारानं घेऊन गेली. इतक्या वर्षांत काचेच्या या बाजूला ती अशी निवांत कधी बसली नव्हती. निळा उजेड तिच्या हातांवर हलत होता. काच मात्र गढूळ झाली होती. तिच्या जागी घेतलेला नवा माणूस घाईनं पुसायचा, कडेला हिरवी साय राहायची. तिला ते बोचलं नाही याचंच तिला आश्चर्य वाटलं. तिचा जोडीदार आत माशांना खायला घालत होता, त्यानं तिला बघितलं आणि दोन्ही हात पसरून विचारलं, कशी आहेस? तिनं अंगठा आणि बोट जोडून वर्तुळ केलं, पाण्यातल्या भाषेत 'ठीक'. मग हात आडवा करून हलवला. म्हणजे, काही तरी बरोबर नाही. पाण्यात ही खूण केली की जोडीदारानं जवळ यायचं असतं. तो काचेपर्यंत आला आणि काचेवर पंजा टेकवून थांबला. त्याच्याभोवती छोटे रुपेरी मासे गिरक्या घेत राहिले.

*

नवी चित्रं आली तेव्हा नवरा दुकानाला कुलूप लावून आला होता. पाटीवर त्यानं 'आज बंद' एवढंच लिहिलं, कारण लिहिलं नाही. त्याच्यासारख्या बोलक्या माणसाला हे फारच थोडं होतं.

सर्जनबाईंनी पडदा दोघांकडे वळवला. "डावं छान वाढलंय. मला वाटलं होतं त्याहून चांगलं. अजून थोडं हवं, पण जवळ आलोय."

"वा!" नवरा म्हणाला.

"आणि गाठही वाढलीय."

बाईंनी आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी लावलं. आधी गाठ बोरासारखी गोल, गप्प. आता तिला खांदे आले होते. एक खांदा मधल्या मोठ्या शिरेकडे झुकला होता.

"धमनी रुंदावली," बाई म्हणाल्या. "मी बोलले होते तेच झालं."

नवरा उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं कुणावर आवाज चढवलेला पाणबुडीनं ऐकला नव्हता. "म्हणजे तुम्हीच वाढवलीत! तुम्ही एक दार बंद केलंत आणि तिला दुसरीकडून जेवायला घातलंत! आम्ही तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही... ही रोज झोपून राहिली, आम्ही समजत होतो बरी होतेय!"

"दादा," आवाज ऐकून दारात आलेली नणंद म्हणाली.

"दादा काय! काढून टाका म्हणावं ती गाठ. उद्याच. आजच."

बाई चिडल्या नाहीत, मागंही सरल्या नाहीत. "तुमचं बोलणं खरं आहे. आम्ही जे केलं त्यामुळंच ती वाढली असण्याची शक्यता जास्त आहे. पण ते केलं नसतं तर डावं इतकं झालं नसतं, आणि ऑपरेशनचा विषयच निघाला नसता. आता दोन मार्ग आहेत. उद्या काढता येईल. डावं अजून काठावर आहे, पुढं ते कमी पडलं तर माझ्या हातात फार काही उरणार नाही. किंवा गाठीला जाणारी धमनीची तेवढीच डहाळी बंद करायची, औषध भरून. गाठ उपाशी पडेल, डावं आणखी वाढेल, मग काढायचं. पण तरीही ती वाढत राहिली आणि या मोठ्या शिरेला भिडली, तर नाही काढता येणार."

"तुम्ही काय कराल?" पाणबुडीनं विचारलं.

"मी थांबेन. पण माझं पोट नाहीये ते."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्याचा चष्मा घामानं घसरला होता. "थांबायचं नाही आता. ऐक माझं. एकदा थांबलो, बघितलंस ना काय झालं?"

पाणबुडी पडद्याकडे बघत होती. डावा भाग खरंच मोठा झाला होता. मऊ, गोल, वरच्या अंगाला किंचित पुढं आलेला, झोपेत कूस बदललेल्या लेकरासारखा. तिनं पहिल्यांदा त्याला नीट बघितलं.

"पाण्यात भीती वाटली ना, की माणूस भराभर वर यायला बघतो, आणि तेच जिवावर बेततं," ती म्हणाली. "मला पण वाटायचं तसं, सुरुवातीला. माझा शिकवणारा माझा पाय धरून ठेवायचा. मला इतका राग यायचा त्याचा." मग ती नवऱ्याकडे वळली. "मला थांबायचंय. तुम्ही माझा पाय धरू नका, हात धरा. मी भिते आहे हो. पण घाई करून भ्यायचं नाहीये मला."

नवरा खुर्चीत बसला. त्यानं चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. चष्म्याशिवाय त्याला समोरचं काहीच स्पष्ट दिसायचं नाही. बायकोचा हात त्यानं चाचपून शोधला.

*

दुसऱ्या वेळी नळी मांडीच्या सांध्यातून गेली. पडद्यावर या वेळी धमनीचं झाड उमललं आणि त्याच्या उजव्या शेंड्याला एक गुंता दिसला, घरट्यासारखा, रंगानं ठासून भरल्यासारखा गडद. तारवाल्यांनी त्या एकाच डहाळीत औषध सोडलं. घरटं फिकट होत गेलं. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याची लाजही वाटली.

मग मात्र स्वप्नं गेली. ताप चढला, उजवी कूस ठणकू लागली, पोटात अन्न ठरेना. तारवाल्यांनी आधीच बजावलं होतं, की गाठ मरायला लागली की असं होतं, तरी नणंद फोन करकरून त्यांचा जीव खायची. नवरा दुकानातून दर थोड्या वेळानं घरी यायचा, दारातूनच विचारायचा "आहेस ना?", आणि तिनं "कुठं जाऊ?" म्हटलं की परत जायचा. ताप उतरल्यावर ती एकदा बाल्कनीत बसली, हात पोटावर ठेवून. नवऱ्यानं विचारलं, "काय बोलतेस आत?" ती म्हणाली, "डावीला सांगतेय, वाढ गं बाई, खाऊन घे. उजवीला काही सांगत नाही. तिच्याशी बोलणं सोडलंय."

पुढची चित्रं बाईंनी आधीच्या चित्रांशेजारी लावली. बराच वेळ बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "सोमवारी करू या."

ऑपरेशन लांबलं. नणंद आणि नवरा बाहेर शेजारी शेजारी बसली होती, आणि दोघंही एक शब्द बोलली नाहीत. शेवटी दार उघडून सर्जनबाई आल्या. मास्क काचल्याच्या खुणा त्यांच्या गालांवर होत्या. "निघाली," त्या म्हणाल्या. "मोठ्या शिरेपासून सुटी निघाली. डावं चांगलं आहे, रंगही छान आहे." रंगाचं ऐकून नवऱ्याला रडू फुटलं. का, ते त्याला सांगता येईना.

पाणबुडी जागी झाली ती एकदम नाही, थोडी थोडी. आधी आवाज आले, मग उजेड, मग तहान. नर्सनं ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले. नवरा बाजूला होता. नणंद पायाशी उभी राहून चादरीवरून तिचे तळवे चोळत होती.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली," नवरा म्हणाला.

"आणि डावी?"

"ती आहे. आता तीच आहे. बाई म्हणाल्या, अजून वाढेल."

काढलेल्या गाठीचा अहवाल नंतर आला. बहुतेक गाठ आतून मेलेली होती, कडा साफ होत्या. बाईंनी आनंद दाखवला, पण बेतानं. दर काही महिन्यांनी चित्रं काढावी लागतील, पाण्याचं इतक्यात बोलूच नका, असं त्यांनी बजावलं. पाणबुडीनं सगळ्याला मान डोलावली. तिला त्या क्षणी फक्त घरी जायचं होतं.

घरी न्यायला टॅक्सी केली. नर्सनं तिला एक छोटी उशी दिली होती, खोकला आला किंवा धक्का बसला तर पोटावर घट्ट धरायची. नवरा पुढच्या सीटवर बसून रस्त्यावर नजर लावून होता. खड्डा दिसला की तो आधीच म्हणायचा, "आता." आणि मागं ती उशी आवळायची. टॅक्सीवाला आधी त्रासल्यासारखा बघत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. पण एका वळणानंतर त्यानं वेग आणखी कमी केला, आरशात एकदा तिच्याकडे बघितलं, आणि पुढचा खड्डा आला तेव्हा नवऱ्याच्या आधी तोच म्हणाला, "बाई, आता."